वाटाड्याच्या सोबतीने श्रीलंका : खान्देशकरांनी आपले अनुभव लिहावेत

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आमची जळगावची तीन कुटुंबे मिळून श्रीलंकेला जाणार आहेत. जंगलात आणि बाजारातल्या खाण्याच्या ठिकाणी माहीतगार माणूस सोबत घ्यावा, की गाडी ठरवून आपले आपण फिरावे, यावर घरात अजून एकमत झालेले नाही. ज्यांनी अशा फेऱ्या केल्या आहेत त्यांनी काय पाहिले, काय खाल्ले आणि काय खटकले ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सासूबाई आणि थोरले दीर माळकरी आहेत, त्यामुळे जेवणाविषयी बारकाईने लिहिल्यास फार मदत होईल.

अमळनेरहून

ताई, माळकरी माणसे सोबत असतील तर खाण्याच्या फेरीला वाटाड्या घ्याच. तिथे बहुतेक जेवणांत पोल सांबोल असते. ओले खोबरे, लाल मिरची, कांदा, लिंबू आणि मीठ यांची ही चटणी दिसायला इतकी आपली वाटते की मनात शंकाही येत नाही. पण तिच्यात बहुधा उंबलकड, म्हणजे वाळवून टणक केलेला मासा, कुटून घातलेला असतो. मसुरीच्या साध्या आमटीतही तो कधीकधी असतो. गॉलच्या बाजारात आम्हाला फिरवणाऱ्या बाईंनी त्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, तेव्हा मला ती बाभळीची ढलपीच वाटली. नंतर त्यांनी स्वतःच्या घरी नेऊन उंबलकड न घालता सांबोल पाट्यावर वाटून दिले. पाट्याला तिकडे मिरिस गल, म्हणजे मिरचीचा दगड, म्हणतात. त्यासोबत कोवळ्या फणसाची भाजी होती आणि आप्प होते. आंबवलेल्या तांदळाच्या पिठात नारळाचे दूध घालून ते लहानशा खोलगट कढईत फिरवतात. मध्ये ते मऊ राहते आणि कडेला कुरकुरीत जाळी धरते. आयुष्यभर खापरावर मांडे टाकलेल्या माझ्या आईने ती कढई मागून घेतली आणि तिसऱ्या खेपेला तिला आप्प अगदी गोल जमले. सगळ्या सहलीत आई इतकी आनंदात मला पुन्हा दिसली नाही.

शहाद्याहून

मी सिंहराजाच्या जंगलाविषयी लिहितो. हे सदाहरित पर्जन्यवन १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे गर्द झाडीमुळे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, म्हणून वाटाड्याशिवाय जाण्यात काही अर्थ नाही. आमचा वाटाड्या बराच वेळ नुसता कान देऊन उभा राहायचा. एकदा त्याने आम्हाला थांबवले आणि पाचच मिनिटांत शेंदरी चोचीचे सातभाई, त्यांच्या मागे कोतवाल आणि त्यांच्या आडोशाने आणखी कितीतरी जातींचे पक्षी अशी वरातच डोक्यावरून गेली. हे पक्षी असे मिसळून का हिंडतात, एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला कसा मिळतो आणि धोक्याची हाक सगळ्यांच्याच कशी कामी येते, हे त्याने तिथेच उभे राहून समजावले.

मी कुठला, असे त्याने विचारले. शहादा हे नाव सांगताच तो थबकला आणि म्हणाला, ‘रानपिंगळ्याचे शहादा?’ १८८४ नंतर ११३ वर्षे कोणालाही न दिसलेला रानपिंगळा, म्हणजे एक छोटे घुबड, पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला, हे मला ठाऊक होते. त्याने पुढचे सांगितले. श्रीलंकेत तिथले पक्षी-अभ्यासक दीपाल वाराकागोडा यांनी १९९५ मध्ये एका अनोळखी घुबडाचा आवाज ऐकला, पक्षी प्रत्यक्ष दिसायला २००१ उजाडले, आणि २००४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन वाराकागोडा यांच्यासोबत ज्यांनी लिहिले त्या याच रासमुसेन! मग आम्हाला वाटेवर उभे करून तो एकटाच झाडीत शिरला आणि पाऊण तासाने हाताने खुणावत आला. गुडघाभर उंचीच्या रोपट्यांत, वाळक्या पानाच्या रंगाचे, मुठीएवढे तेच घुबड डोळे मिटून बसले होते. त्याने प्रत्येकाला एक मिनिट पाहू दिले, फ्लॅश वापरू दिला नाही आणि लगेच मागे फिरवले. माझ्या गावाची अशी ओळख मला परमुलखात एका वाटाड्याने करून दिली, याचे मला अजून भरून येते.

धुळ्याहून

आमचा ‘याला’ राष्ट्रीय उद्यानातला अनुभव मात्र वाईट होता. श्रीलंकेत वाघ नसल्यामुळे बिबट्याच जंगलाचा धनी आहे आणि तो दिवसाही उघड्या खडकांवर दिसतो, म्हणून गर्दीही तिथेच लोटते. ज्या एजंटाकडून आम्ही फेरी घेतली त्याने ‘बिबट्या दाखवतोच’ अशी हमी दिली होती. ती ऐकूनच मी सावध व्हायला हवे होते. फोनवर खबर येताच चालकाने जीप भरधाव सोडली. पोहोचलो तेव्हा मी एकोणीस जीप मोजल्या, आणि इंजिनांच्या त्या घरघरीत मादी उठून झुडपात निघून गेली. मुले ‘दिसला, दिसला’ म्हणत होती आणि मला लाज वाटत होती.

दोन दिवसांनी मिन्नेरियाला गेलो. कोरड्या दिवसांत तिथल्या प्राचीन तलावाचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळे गवत येते आणि त्यासाठी हत्तींचे कळप गोळा होतात. तिथल्या वाटाड्याने लांबवर इंजिन बंद करून आम्हाला तासभर शांत बसवले. एक पिल्लू आईच्या पुढच्या पायांमधून सोंड काढून गवत उपटायचे आणि खाता येईना म्हणून डोक्यावर टाकायचे. पैसे देण्यापूर्वी ‘जीप किती अंतरावर थांबवता, इंजिन बंद करता का’ एवढे अवश्य विचारा.

चोपड्याहून

दिवाळीच्या सुमारास तिकडे दुपारनंतर पाऊस असतो, म्हणून जंगलाच्या फेऱ्या पहाटेच्याच घ्याव्यात. सिंहराजात जळवा फार, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे आधी घेऊन ठेवा. हत्तींचे कळप पाण्याप्रमाणे जागा बदलतात. आम्हाला वाटाड्याने ऐन वेळी मिन्नेरियाऐवजी शेजारच्या कौडुल्लाला नेले आणि हत्ती तिथेच भेटले.