मदत हवी आहे: शेजारच्या खड्ड्यांतल्या वायूमुळे बायोफिल्म वाढते का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रोजेक्टमध्ये अडकले आहे. 96 खड्ड्यांच्या प्लेटमध्ये बॅसिलस या जीवाणूची बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा जीवाणूंचा थर) वाढवून क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने मोजते. त्याच प्लेटच्या एका कडेला एलबी या पोषक द्रवात ई. कोलाय जीवाणू होते. दोन्ही द्रव कुठेच एकमेकांना लागलेले नव्हते, तरी ई. कोलायच्या लगतच्या खड्ड्यांत जांभळा थर दाट आणि दूर जावं तसा फिका. तीनदा केलं, तीनदा हेच. आधी माझं धुणंच चुकतंय असं वाटलं.

मग 2010 चं न्यूकॅसल विद्यापीठाचं काम वाचलं: बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हवेतला अमोनिया 'हुंगून' बायोफिल्म वाढवतो. ई. कोलाय एलबीतली अमिनो आम्लं खाऊन अमोनिया सोडतोच. म्हणून एका रिकाम्या खड्ड्यात फिनॉल रेड (पीएचनुसार रंग बदलणारा सूचक) घातलेलं अगार (जेलीसारखं घट्ट होणारं माध्यम) ओतलं. सकाळी ते पिवळ्याचं चक्क गुलाबी झालं होतं!

आता खरी अडचण. हा परिणाम अमोनियाच्या संकेताचा, की नुसता पीएच चढल्याचा? माध्यमात बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) वाढवला तर क्षारांमुळेच बायोफिल्म बदलेल अशी भीती वाटते. शिवाय ई. कोलाय इंडोल हा हवेत पसरणारा दुसरा पदार्थही सोडतो, त्याचा परिणाम वेगळा कसा काढायचा? इंडोल न बनवणारा म्युटंट (जनुक बदललेला ई. कोलाय) आमच्याकडे नाही.

दोन कप्प्यांच्या पेट्री डिशमध्ये हे कुणी केलंय का? मधे आम्लात भिजवलेला फिल्टर पेपर ठेवून अमोनिया अडवता येईल का? आणि कंट्रोल त्याच प्लेटवर ठेवणं मुळातच चुकीचं आहे ना?