मदत हवी आहे: डांग्या खोकल्याची लस, पेंटा द्यावी की पेनलेस?

नमस्कार. माझी लेक येत्या बुधवारी सहा आठवड्यांची होईल. पहिला डोस द्यायचाय आणि कोणती लस यावरून चार दिवस घरात एकमत होत नाहीये. इथे लहान मुलांचे आईबाबा आहेत, डॉक्टरही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही लालबागला राहतो. मनपाचं आरोग्य केंद्र चालत पाच मिनिटांवर आहे, तिथे पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस, त्यात डांग्या खोकलाही येतो) फुकट मिळते. मागच्या वर्षी जावेच्या मुलाला पेंटा दिली त्या रात्री १०२ ताप, मांडी लालबुंद, आणि दहा वाजता रडायला लागलेलं पोर एकच्या पुढे शांत झालं. मी तेव्हा तिथेच होते. त्याला खांद्यावर घेऊन आम्ही दोघी आळीपाळीने गॅलरीत फिरत होतो. जाऊ म्हणते, "पैशाकडे बघू नकोस, पेनलेसच दे."

खासगी डॉक्टरांनीही पेनलेसच सांगितली. एका डोसला चार हजारांच्या घरात, असे तीन. फरक काय असं विचारलं तर "ताप येत नाही" एवढंच उत्तर मिळालं, बाहेर रांग होती. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, आमची लस जुनी आणि खात्रीची आहे. एक रात्र काढायची तयारी ठेवा."

साबांचं (सासूबाईंचं) वेगळंच. त्यांचं लहानपण परळच्या चाळीत गेलं. वरच्या मजल्यावर एका बाळाला डांग्या खोकला झाला होता, खोकून खोकून ते निळं पडायचं, आणि त्याची आई त्याला पालथं धरून पाठ चोळत जिन्यात बसायची. त्या बाळाचं पुढे काय झालं हे साबा सांगत नाहीत. "कुठलीही द्या, पण बुधवार चुकवू नका," एवढंच म्हणतात.

आणि खरी भीती अजून सांगितलीच नाही. नवऱ्याला लहानपणी तापात दोनदा आकडी आली होती. लेकीला लसीच्या तापाने तसं झालं तर? पेंटाने मेंदूला इजा होते असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, ते वाचल्यापासून झोप नाही. चार हजार जमवू, पण पैसे देऊन खरंच जास्त सुरक्षित काही मिळतंय का, हे कुणी नीट सांगेल का?

शेवंती:
माझ्या दोघांना दोन वेगवेगळ्या लसी दिल्यात म्हणून लिहिते. मोठ्याला पेनलेस, धाकटीला पेंटा. मोठा सुई टोचल्यावर तेवढाच कळवळून रडला, त्या नावावर जाऊ नका. फरक रात्री कळतो. तो रात्रभर झोपला. धाकटीला १०१ ताप आला, दूध कमी प्यायली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठीक. दुसऱ्या डोसला तिला काहीच झालं नाही. तुमच्या जावेने पाहिलं ते खरं आहे, पण प्रत्येक बाळाचं तसंच होतं असं नाही.

गिरणगाव:
व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ती गोष्ट पन्नास वर्षं जुनी आहे. माझ्या मुलीच्या वेळी मी याच भीतीने बरंच वाचलं होतं. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये काही डॉक्टरांनी ३६ मुलांच्या नोंदी छापल्या, लसीनंतर मेंदूचा त्रास झाला असा त्यांचा अंदाज होता. टीव्हीवर गाजावाजा झाला आणि लस घेणारी मुलं सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास आली. पुढे तिथे डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. जपानने तर १९७५ मध्ये दोन बाळं दगावल्यावर लस काही काळ थांबवलीच. १९७९ साली तिथे सुमारे १३,००० रुग्ण झाले आणि ४१ मृत्यू. जपानमध्ये १९८१ पासून वापरात आलेली कमी तापाची नवी लस, म्हणजे आपण जिला पेनलेस म्हणतो ती, या सगळ्यातून आली.

मेंदूच्या इजेचं कोडं नंतर बरंचसं सुटलं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी, लसीमुळे मेंदू बिघडला असं समजल्या गेलेल्या १४ जणांची तपासणी केली. त्यातल्या ११ जणांत एका जनुकाचा जन्मजात दोष निघाला, ज्याने अपस्माराचा गंभीर प्रकार होतो. तो आजार लसीविनाही झालाच असता, तापाने फक्त लवकर दिसला. हे वाचल्यावर मी मुलीला निर्धास्तपणे लस दिली.

बालरोग_परळ:
तीस वर्षं सरकारी रुग्णालयात लहान मुलं तपासली, आता निवृत्त आहे. ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करू या.

पेंटात डांग्या खोकल्याचा जंतू मारून अख्खाच्या अख्खा घातलेला असतो, म्हणून तिला होल सेल किंवा डब्ल्यूपी म्हणतात. पूर्वीची त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची लस) याच जातीची. पेनलेसमध्ये त्या जंतूचे निवडक शुद्ध केलेले दोन ते पाच तुकडे असतात, ती असेल्युलर किंवा एपी. अख्ख्या जंतूत शरीराला चेतवणारे कितीतरी घटक असतात, त्यामुळे ताप आणि सूज जास्त.

किती जास्त? कॅलिफोर्नियात साडेपंधरा हजारांहून अधिक डोस पाहिलेला एक अभ्यास १९८१ साली छापला गेला, आम्ही विद्यार्थ्यांना तोच शिकवायचो. जुन्या त्रिगुणीनंतर जवळपास निम्म्या बाळांना ताप आला. शंभरात तिघं सलग बराच वेळ रडली. आकडी साधारण १७५० डोसमागे एकदा, आणि बाळ अचानक ढिलं पडून पांढरं होण्याचा प्रकारही तितकाच. यातल्या कुठल्याही बाळाला कायमची इजा झाल्याचं आढळलं नाही. एपीने या सगळ्याचं प्रमाण बरंच कमी होतं, हे खरं आहे. म्हणून एका रात्रीपुरतं विचाराल तर पेनलेस जास्त सुसह्य. कायमच्या इजेबद्दल विचाराल तर दोन्ही सुरक्षित.

दुसरा प्रश्न पुढच्या वर्षांचा, आणि तो दवाखान्यात कुणी विचारत नाही. अमेरिकेने १९९७ मध्ये बाळांसाठी एपी स्वीकारली. पुढे कॅलिफोर्नियात २०१० मध्ये मोठी साथ आली, नऊ हजारांवर रुग्ण आणि दहा बाळं दगावली. त्यानंतरच्या अभ्यासात दिसलं की एपीच्या पाचव्या डोसनंतर दर वर्षी आजाराची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी वाढत जाते. बबून माकडांवरच्या प्रयोगात एपी घेतलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जंतू घशात राहिला आणि दुसऱ्याला लागला. अख्ख्या जंतूची लस घेतलेल्यांच्या घशातून तो लवकर गेला. म्हणून जिथे डब्ल्यूपी चालू आहे त्या देशांनी पहिल्या डोसांसाठी तीच चालू ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, मग सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांचं झाल्यावर त्रिगुणीचे बूस्टर, तेही याला धरूनच आहे.

आणखी एक. सहा आठवड्यांना त्याच दिवशी न्यूमोनियाची, पोलिओची आणि रोटाची लसही असते. ताप आला तर तो एकट्या डांग्या खोकल्याच्या लसीचाच, असं म्हणता येत नाही. आणि खासगीत सहा आजारांची एकत्र लस दोन्ही प्रकारांत मिळते. महाग आहे म्हणून ती पेनलेसच असेल असं धरून चालू नका. कार्डावर डब्ल्यूपी की एपी ते लिहून घ्या.

जावेची गोष्ट आहेच, पण साबांचं म्हणणं मनावर घ्या. इतक्या लहान बाळाला डांग्या खोकल्यात उबळीनंतर श्वास ओढताना येणारा तो हुप्प आवाज बहुधा येतच नाही, श्वास थांबतो. असं बाळ मी हातात घेतलंय.

धागाकर्ती:
डॉक्टर, खूप आभार. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. आकडीचं मात्र अजून डोक्यात आहे. बापाला आली होती म्हणून लेकीला पेंटा टाळावी का?

बालरोग_परळ:
नाही. घरात कुणाला तापाची आकडी आली होती, हे लस टाळण्याचं कारण नाही. बाळाला स्वतःला आधीच्या डोसनंतर सात दिवसांच्या आत मेंदूचा गंभीर आजार झाला असेल किंवा लसीची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल, तर डांग्या खोकल्याचा घटक पुढे देत नाहीत. बाळाला स्वतःला आकड्या येत असतील किंवा मेंदूचा वाढत जाणारा आजार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, मग तिथे एपीचा विचार होतो. तुमच्या लेकीचं असं काही नाही. तापाची आकडी बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी करते, पण साधी आकडी मेंदूला इजा करून जात नाही. तरी केंद्रात सिस्टरांना नवऱ्याचं सांगून ठेवा.

पॅरासिटॅमॉल लसीच्या आधीच देऊ नका. ताप आला, बाळ कळवळलं तर द्या, वजनाप्रमाणे. ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद वेगळी असते, त्यामुळे किती मिली ते आधीच लिहून घ्या, रात्री दोन वाजता अंदाजाने देऊ नका. ताप दोन दिवसांवर गेला, तीन तास रडं थांबलं नाही, बाळ ढिलं पडलं किंवा आकडी आली, तर लगेच रुग्णालयात.

तन्वीचीआई:
जे लोक अजून गरोदर आहेत आणि हा धागा वाचताहेत त्यांच्यासाठी: सत्तावीस ते छत्तीस आठवड्यांत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची मोठ्यांची लस) घेता येते, आईची प्रतिकारशक्ती बाळाला पहिले दोन महिने सांभाळते. मला माझ्या डॉक्टरांनी सांगितली म्हणून कळली. सरकारीत गरोदरपणी टीडी देतात, त्यात डांग्या खोकला नसतो, त्यामुळे वेगळं विचारावं लागतं. आणि धागाकर्ती, पेनलेस घेतली तरी वाईट वाटून घेऊ नका, बूस्टर मात्र एकही चुकवू नका. घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर त्याला बाळाजवळ येऊ देऊ नका, मग तो सख्खा काका का असेना.

धागाकर्ती:
काल पेंटा दिली. केंद्रात सिस्टरांना आकडीचं सांगितलं, त्यांनी कार्डावर लिहून घेतलं आणि अर्धा तास तिथेच बसवलं. डाव्या मांडीत टोचली तेव्हा लेक जोरात रडली, पदराखाली घेतल्यावर थांबली. रात्री साडेआठला १००.८ ताप. एकदा ड्रॉप्स दिले. अकराला परत रडायला लागली तेव्हा साबांनी घेतली आणि जिन्यापर्यंत फेऱ्या मारत राहिल्या, मी म्हटलं द्या माझ्याकडे, तर नाही म्हणाल्या. साडेबाराला झोपली. आज सकाळी ९९, दूध नेहमीसारखं पितेय. जाऊ फोनवर तीनदा चौकशी करून गेली.

टोचलं तिथे मात्र वाटाण्याएवढी गाठ लागतेय. चोळू का?

बालरोग_परळ:
चोळू नका, तेलही नको. लालसर आणि गरम असेल तर थंड पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं ठेवा. ती गाठ काही आठवडे राहील आणि आपोआप विरेल. पू दिसला किंवा लाली पसरत गेली तर दाखवा. दहा आठवड्यांची तारीख आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा.