भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात? : समुद्राकाठच्या निवांत सुट्टीचा अनुभव धागा

थंडी पडली की आपण नाशिककर कानटोपी चढवून पहाटे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पळतो. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून रविवारी चापडगावच्या मनोऱ्यावर बदकांपेक्षा माणसंच जास्त वाटतात. म्हणून यंदा आम्ही चार दिवस कोकणात वेळासला गेलो. नुसतं बसायला, दुर्बीण गळ्यात. तुम्हीही समुद्राकाठच्या अशा एखाद्या निसर्गनिवासात राहून आला असाल तर लिहा. याद्या नकोत, काय पाहिलं ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिल्या सकाळी आठला चिखल्या-तुतवार (चिखलात किडे टिपणारे किनाऱ्याचे पक्षी) बघायला बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी गेलो, तर समोर नुसतं पाणी आणि दोन कावळे. तोंड पाडून परत आलो. घरमालक काका नारळ सोलत होते. म्हणाले, "आज तिथी कोणती?" मी मोबाईल काढला. एकादशी. "मग अकराची पाऊणपट करा की! सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती. जेवा, झोपा, अडीचला जा." पाऊणकी शाळेतच विसरलेली, पण हिशेब जमला. अडीचला तिथेच चिखल उघडा पडला होता आणि त्यावर शेकडो पाय पळत होते.

एक चिखल्या आमच्यापासून पंधरा पावलांवर. चार पावलं धावायचा, थबकायचा, मान तिरकी करायचा. मग चोच खुपसून किडा ओढायला लागला. किडा रबरासारखा ताणला गेला, ताणला गेला आणि एकदम सुटून आला तेव्हा पक्षीच मागे कलंडला! नवरा इतक्या मोठ्याने हसला की अख्खा थवा उडाला. पाणी चढायला लागलं तसे तेच पक्षी मागे सरत सरत आमच्याकडेच आले. म्हणजे आपण त्यांच्यामागे धावायचं नाही, भरतीला ते काम करू द्यायचं.

इंदिरानगरहून
आमच्या सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, गुडघे दुखतात, त्यामुळे किनाऱ्यावर यायला तयार नव्हत्या. त्या ओसरीवर आरामखुर्चीत आणि आम्ही चौघे कॅमेरे घेऊन टेकडीवर. समुद्रगरुड बघायचाच असं ठरवलं होतं. तीन तास उन्हात तापून फक्त घारी दिसल्या. परत आलो तर आईंच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेलं : "७.१० काटकी. ७.३५ काटकी. ८ मासा, खाली पडला. ८.२० पुन्हा काटकी."
ओसरीसमोरच्या उंच झाडावर तो पांढऱ्या पोटाचा गरुड घरट्याची डागडुजी करत होता. ही जोडी त्याच घरट्यात वर्षानुवर्षं भर घालत राहते, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. आईंनी ते न वाचताच सांगितलं, "नवीन बांधत नाहीये गं, जुन्याला डागडुजी चाललीय. आपल्या वाड्यासारखी."

सातपूरवरून
समुद्र कशाला हवा? चार दिवस नांदूर मध्यमेश्वरजवळच्या खाणगाव थडीला राहा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे गाळ साचून दलदल झालीय, तिथे सकाळी चक्रवाकांचा आवाज ऐका. मार्चनंतर बदकं परततात, मग कोकणात जा की.

गंगापूर रोडवरून
आमचा अनुभव कडू आहे. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. पाटीवर "निसर्गस्नेही" आणि रात्री किनाऱ्यावर फ्लडलाइट, वर स्पीकर. हंगाम कासवांचा. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं घरट्यातून निघाली की जिकडे उजेड जास्त तिकडे चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो. इथे तो हॉटेलकडे. मालकाला बोललो तर म्हणाला, "पाहुण्यांना अंधाराची भीती वाटते." पैसे भरलेले, मुलं हिरमुसलेली. मी फक्त आमच्या खोलीबाहेरचा दिवा काढून ठेवला. बिलात त्याचे शंभर रुपये लावले होते.
बुक करण्याआधी फोनवर एवढंच विचारा : रात्री किनाऱ्यावरचे दिवे बंद करता का?

पंचवटीतून
बोर्डी जवळ पडतं. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड करत गेलो, कसाऱ्याची कटकट नाही. सुरूच्या बनात चटई टाकली. सोबत नाशिकचा चिवडा. कावळ्याने पुडकं फोडून त्यातले फक्त शेंगदाणे वेचले. पक्षीनिरीक्षण झालं म्हणायचं!
कुरव (सीगल) मात्र पोटभर पाहिले. काही तपकिरी डोक्याचे, लडाखकडून थंडीसाठी आलेले. फेब्रुवारीत त्यांचं डोकं पांढुरकं असतं, कानामागे फक्त एक काळा ठिपका. बायको म्हणाली, मग तपकिरी डोकं कुठंय? तिला म्हटलं, ते उन्हाळ्यात, तिकडे.

धागा काढणारीकडून
सातपूरकर, खाणगाव थडीला येतेच, पुढच्या महिन्यात. आणि गंगापूर रोड, आमच्या काकांनाही हा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "बंद काय करायचेत? किनाऱ्याकडे दिवा लावलाच नाही कधी. पाहुणे पडतील म्हणून बॅटरी देतो, तिच्यावर लाल कागद आहे."