घरची कोंबडी, घरचीच सुरी: शहाणपण की हट्ट?

परसातला (धागाकर्ता)
दोन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून राजापूर तालुक्यात गावी आलो. आज परसात १४ कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत, सगळे गावठी. माझं म्हणणं सरळ आहे: ज्याला कोंबडी खायची त्याने ती पाळावी आणि कापावीही स्वतःच.

दिवसभर त्या फणसाखालचा पाचोळा उकरतात. वर कणी, कोंडा, उरलेला भात. मडक्यात शेण आणि ओलं गवत भरून पालथं घातलं की काही दिवसांत वाळवी धरते, ती पिल्लांपुढे झटकायची. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली १० अंडी ठेवली की २१ दिवसांनी पिल्लं. औषध नाही, लस नाही. कापायच्या आदल्या रात्री डालग्याखाली उपाशी ठेवायची, फक्त पाणी द्यायचं. सकाळी मान कापून रक्त निथळू द्यायचं, गरम पाण्यात बुडवून पिसं काढायची, मग गवताच्या जाळावर भाजून हळद चोळायची. बाजारातली ती इंजेक्शनं देऊन ४० दिवसांत फुगवलेली कोंबडी लोक खातात कशी, हेच मला कळत नाही.

ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त लिहा.

तिसरा मजला
पटत नाही. माझ्याकडे परस नाही, ५५० चौरस फुटांचा फ्लॅट आहे. तुमच्या न्यायाने मी बाल्कनीत भातही लावायला हवा. तुम्ही तांदूळ कुठून आणता हो? शिवाय सकाळी पाच वाजता आरवणारा कोंबडा आमच्या सोसायटीत एक दिवस टिकणार नाही. मीही नाही टिकणार.

गुरांचा डॉक्टर
वीस वर्षं पशुवैद्यकीत आहे. आधी एक अफवा बाजूला काढू. ब्रॉयलरला वाढीची इंजेक्शनं देत नाहीत. हजारो पक्ष्यांना रोज टोचत बसणं परवडणार कोणाला? सहा आठवड्यांत दोन किलो भरतात ते निवडीने तयार केलेल्या वाणामुळे आणि खाद्यामुळे. खरी तक्रार करायची तर प्रतिजैविकांची करा. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचं औषध कोंबड्यांच्या खाद्यातून सर्रास जायचं, त्यावर २०१९ मध्ये केंद्राने बंदी घातली. तिथे तुमचा राग योग्य आहे.

पण 'लस नाही' हे अभिमानाने सांगण्यासारखं नव्हे. मानमोडी (राणीखेत रोग) आली की १६ पैकी दोनसुद्धा उरत नाहीत. हिरवी हगवण, मान मुरगळलेली, पाय लुळे, आणि मग रांगेने मरतात. पहिल्या आठवड्यात लासोटा या मानमोडीच्या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांची झाली की आरटूबी, म्हणजे मानमोडीचीच पुढची लस, आणि देवीची लस. लशीने मांसाला ना वेगळी चव येते ना वास.

परसातला
डॉक्टरसाहेब, इंजेक्शनचं चुकलं, मान्य. पण आमच्या आजीने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, लशीचं नाव ऐकलं नव्हतं. हळद, लसूण, पाण्यात कडुलिंबाचा पाला, एवढ्यावर भागलं.

माहेरवाशीण
भागलं नाही हो. 'यंदा मर आली' असं म्हणून पुन्हा शेजारणीकडून दोन पिल्लं मागून आणायची, ही आमच्या आजीची पद्धत होती. तुमच्या आजीचीही तीच असणार, फक्त तुम्हाला सांगितली नसेल.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. या सगळ्यात 'स्वतः' म्हणजे नेमकं कोण? मी पाटण भागातली. सुरी बाबांच्या हातात, तेही पाच मिनिटं. खुराडं झाडणं, संध्याकाळी मोजून आत घेणं, बोका आला की अंधारात धावणं, पाणी तापवणं, पिसं काढणं, आतडी साफ करणं, मसाला वाटणं, अंगणातली घाण काढणं, हे सगळं आई आणि मी. शाळेला जाताना हाताला पिसांचा ओला वास यायचा, तो अजून आठवतो. आज मी दुकानातून सोललेली कोंबडी आणते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

एक मात्र खरं. अंड्यांचे पैसे आईचे असायचे, त्याचा हिशेब बाबा कधी विचारायचे नाहीत. तेवढ्यासाठी कोंबड्या हव्यात.

परसातला
ताई, बोललात ते लागलं. इथे खुराडं मी झाडतो, शप्पथ. पिसं मात्र बायको आणि आई काढतात. यावर सध्या गप्प बसतो.

चौकातलं चिकन सेंटर
आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. 'स्वतःच कापावी' म्हणणाऱ्यांनी ऐकाच. घरी कापतात त्यातल्या निम्म्या लोकांची सुरी कांद्याची असते. एकाच ओढीत दोन्ही बाजूच्या शिरा तुटल्या नाहीत तर कोंबडी तडफडते, आणि वर आम्हाला निर्दय म्हणायचं! दुसरं, पाणी. उकळत्या पाण्यात बुडवली की कातडी शिजून फाटते. बोट घातलं की चटकन मागे घ्यावं लागेल, साधारण ६० अंश, एवढंच हवं, मिनिटभर. दुकानात आम्ही कातडीच सोलतो म्हणून ही भानगड नाही, पण गावठीला कातडी ठेवायची तर शिका. तिसरं, काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी. ती फुटली की अख्खं कालवण कडू. नवशिक्याच्या हातून ती फुटतेच. आणि कापल्या कापल्या पातेल्यात घालू नका, काही तास गार जागी ठेवा, नाहीतर दोन तास शिजवूनही चिवट लागेल.

तिसरा मजला
या प्रतिसादाने माझं मत पक्कं झालं. मी चौकातच जाणार.

जिरं-मोहरी
मी खात नाही, त्यामुळे माझं मत कोणी विचारणार नाही. पण पिल्लू हातावर घेऊन वाढवायचं, त्याला नाव ठेवायचं आणि मग कापायचं, याला 'प्रामाणिकपणा' म्हणणं मला तरी जमणार नाही.

परसातला
नाव ठेवत नाही. एकीला ठेवलं होतं, ती अजून आहे. अंडी देणं थांबलंय, तरी आहे.

गुरांचा डॉक्टर
परसातला, एक साधा प्रश्न, खरं उत्तर द्या. एखादी कोंबडी दोन दिवस पेंगत बसली, दाणा टिपेना, तर काय करता?

परसातला
...कापतो. मरायच्या आत. फुकट जायला नको म्हणून. वाडीत सगळेच तसं करतात.

गुरांचा डॉक्टर
याचीच भीती होती. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला. पक्षी पेंगतोय तो कशाने, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिजवल्यावर विषाणू मरतो, पण कापणाऱ्याच्या, पिसं उपटणाऱ्याच्या आणि आतडी काढणाऱ्याच्या हाताला, नाकाला धोका शिजवण्याआधीच असतो. तुमच्या घरी पिसं कोण काढतं ते तुम्हीच वर लिहिलंय. पेंगणारी कोंबडी वेगळी ठेवा, मेली तर चुना टाकून खोल पुरा, एकदम दोन-चार मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. निरोगी पक्षी घरी कापायला माझी हरकत नाही, मीही गावी गेलो की कापतो.

माहेरवाशीण
आमच्याकडेही आजारी कोंबडीचाच रस्सा व्हायचा. चांगली धडधाकट कोंबडी पाहुणे आल्याशिवाय कापली गेल्याचं मला आठवत नाही.

परसातला
काल तालुक्याला जाऊन लासोटाची चौकशी केली. कुपी १०० मात्रांची, बर्फात न्यायची आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवायची. म्हणून संध्याकाळी वाडीत घरोघर फिरून मोजणी केली: लहानमोठी मिळून ७३. तिघांनी 'लशीने कोंबडी अंडं देत नाही' म्हणून दारातूनच परत पाठवलं, त्यांच्या यात धरलेल्या नाहीत. रविवारी सहानंतर, कोंबड्या खुराड्यात आल्या की सुरुवात करतो. डोळ्यात थेंब कसा घालायचा, डॉक्टरसाहेब, हाताखाली धरायला किती माणसं लागतील?

गुरांचा डॉक्टर
दोन. एक पकडायला, एक थेंब घालायला. पकडायला वहिनींना उभं करू नका.