मदत हवी आहे: हाताने काढलेलं ॲनिमेशन कुठून शिकू?

नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळ राहतो. पिंगुळीच्या चित्रकथीतली (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) पात्रं हलती करून मिनिटभराची फिल्म करायची आहे, कागदावर, हाताने. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी मिनिटाला ७२० चित्रं. माझी तयारी आहे (घरच्यांची नाही, पण ते असो).

रिचर्ड विल्यम्स यांचं 'द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' वाचतोय. माणसाच्या चालीवरचा भाग भारीच, पण टायमिंग (हालचालीला किती फ्रेम द्यायच्या) आणि स्पेसिंग (लागोपाठच्या चित्रांत किती अंतर ठेवायचं) नुसतं वाचून हातात बसत नाही. क्रमाने सराव करून घेणारा कोर्स किंवा व्हिडिओ सुचवाल का? मराठी-हिंदीत असेल तर उत्तम. सॉफ्टवेअर शिकवणारा नको, चित्रं चालवून बघायला क्रिटा हे सॉफ्टवेअर पुरतं, तेही फुकट.

दुसरं म्हणजे, पावसात आमच्याकडे कागद दमट होऊन वाकतो. पेगची (कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांची) भोकं सैल झाली की चित्रं एकावर एक नीट बसत नाहीत आणि सगळं थरथरतं. कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड) घेऊ? लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) खालच्या कागदावरची रेघ दिसायलाही हवी. पेग बार (त्या खुंट्यांची पट्टी) कोल्हापुरात मिळतो की ऑनलाइनच मागवू? सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कोणी असं काम करत असेल तर सांगा, भेटायला येईन.