मदत हवी आहे: मोठे टायर टाकले आणि पिकअपचा पिकअपच गेला. ४.१० की ४.५६?

धुरळा
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात पिकअपला ३५ इंची टायर टाकले. गाडी दिसते झकास, पण पिकअपचा पिकअपच गेला. निघताना मागून कोणीतरी दोरी बांधून धरल्यासारखं वाटतं, चढावर सारखा गिअर वर-खाली, टॉप गिअर तर जवळजवळ लागतच नाही. मेकॅनिक म्हणतो क्राऊन-पिनियन (धुऱ्यातली, चाकं फिरवणारी गिअरची जोडी) बदला, ४.५६ रेशोची टाका, म्हणजे शाफ्टच्या ४.५६ फेऱ्यांना चाकाची एक फेरी; आकडा मोठा तेवढी ओढ जास्त. एक मित्र म्हणतो ४.१० पुरे. शनिवारी गाडी द्यायची आहे. फक्त आकडा सांगा. "जुने टायर परत लावा" हा सल्ला नको, तो घरून मिळालाय.

कोरडा क्लच
आकडा हवा तर आधी आकडे द्या. जुना टायर कोणता? आत्ताचा रेशो किती? मॅन्युअल की ऑटोमॅटिक? गिअर किती? फोर बाय फोर आहे का? ट्रेलर ओढता का? नुसतं "३५ चे टायर" म्हणजे डॉक्टरला फोन करून "अंग दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यासारखं झालं.

बुलबार
४.५६. डोळे झाकून. माझ्या गाडीला ३५ वर ४.५६ आहे, आठ वर्षं झाली, तक्रार नाही. ४.१० टाकाल तर सहा महिन्यांत तेच हाऊसिंग (क्राऊन-पिनियनचं कवच) पुन्हा उघडाल.

वायपर
टायरमध्ये हवा किती ठेवता? माझी गाडी अशीच जड झाली होती, हवा कमी निघाली.

धुरळा
आधी २६५/७० आर १७ होते. रेशो ३.७३, गाडी घेताना आधीच्या मालकाने सांगितला होता. ऑटोमॅटिक आहे. हवा बरोबर आहे. झालं? आता सांगा.

मागचा धुरा
२६५ चे ७० टक्के म्हणजे १८५.५ मिमी, ही टायरची एका बाजूची उंची. दोन्ही बाजू मिळून ३७१, त्यात १७ इंची रिमचे ४३२ मिळवा. ८०३ मिमी, म्हणजे ३१.६ इंच. तिथून ३५ वर गेलात, व्यास जवळपास ११ टक्के वाढला. चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते, म्हणून ओढ दहा टक्क्यांनी घटते. जुनी चाल हवी तर ३.७३ × ३५ ÷ ३१.६ = ४.१३, म्हणजे ४.१०. टायर जडही आहेत, तो भार भरून काढायचा तर ४.५६ कडे जावं लागेल. पण तुम्ही किती गिअरची ऑटोमॅटिक ते अजून सांगितलेलं नाही.

बुलबार
बघा, शेवटी ४.५६ च. मी काय वेगळं म्हणालो?

मागचा धुरा
मी "जावं लागेल" म्हणालो, "जा" म्हणालो नाही.

नटबोल्ट
टायरवर ३५ छापलेलं असतं, पण भाराखाली उभा टायर तेवढा भरत नाही. गाडी सपाटीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. काही टायर ३४ च्या आसपासच निघतात. हिशेब त्यावर करा.

धुरळा
८ गिअर आहेत. त्याने काय फरक पडतो?

आणि एक गंमत. काल उतारावर आठवा लागला तेव्हा १०० ला आरपीएम १४०० च्या वर होतं, आधीही तेवढंच असायचं. मग रेशो बदललाच कुठे?

कोरडा क्लच
अहो, स्पीडोमीटर फसवतोय. त्याला जुनाच टायर माहीत आहे. तो फेऱ्या मोजतो, इंजिनही त्याच फेऱ्यांनी फिरतं, म्हणून काट्यावर १०० दिसतं तेव्हा आरपीएम आधीइतकंच राहणार. खरा वेग तेव्हा ११० च्या पुढे असतो. वेगाची दंडपावती आली तर मात्र "स्पीडोमीटर १०० दाखवत होता" चालणार नाही.

आठ गिअरने काय फरक पडतो ते बुलबार यांनाच विचारूया. तुमच्या गाडीला किती गिअर?

बुलबार
चार. ऑटोमॅटिक. पहिला ३.०६. का?

कोरडा क्लच
म्हणूनच. तुमचा पहिला गिअर ३.०६ × ४.५६ = १३.९५, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या जवळपास १४. आठ गिअरवाल्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये पहिला ४.७१ असतो. तिथे ४.५६ लावला की २१ च्या वर जातो. गाडी हलते न हलते तोच दुसरा गिअर मागेल. चार गिअरला दोन गिअरमधली दरी मोठी असते म्हणून खोल (मोठ्या आकड्याचा) रेशो लागतो. आठ गिअरला ती गरज कमी.

बुलबार
पण मोठ्या दगडांवरून चढताना खोल पहिला गिअर लागतोच. कागदावर गुणाकार करणाऱ्यांनी एकदा चिखलात उतरावं.

कोरडा क्लच
चिखलासाठी ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारा डबा) लो रेंज दिलेली असते.

वायपर
अवांतर: टायर बदलताना स्टेपनीही ३५ ची घेतली का? फोर बाय फोर असेल तर जुन्या स्टेपनीवर चालवू नका.

मागचा धुरा
अवांतर नाही हो, फार महत्त्वाचा प्रश्न आहे. धुरळा, फोर बाय फोर आहे का? कोरडा क्लच यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं. आणि असेल तर मेकॅनिक दोन्ही डिफरन्शियल (क्राऊन-पिनियन असतात तो धुऱ्याचा मधला भाग) उघडणार आहे की फक्त मागचा?

धुरळा
फोर बाय फोरच आहे, सांगायचं काय त्यात, पिकअप आहे. मागचंच करणार आहे तो. पुढचं कशाला? मी फोर बाय फोर वर्षातून चार वेळा लावतो.

लिमिटेड स्लिप
थांबा. गाडी देऊ नका.

पुढे ३.७३ आणि मागे ४.५६ ठेवून फोर बाय फोर लावलीत तर ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवणार आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा २२ टक्के जास्त पळायला बघणार. चिखलात ती घसरून निभावतील. कोरड्या रस्त्यावर ताण ट्रान्सफर केसमधल्या साखळीवर आणि शाफ्टच्या जॉइंटवर येतो आणि काहीतरी तुटतं. वर्षातून चार वेळा? एकदा पुरे आहे. दोन्हीकडे एकच रेशो. ४.१० आणि ४.११ इतका फरक चालतो, त्याहून नाही.

शिवाय क्राऊनच्या मागचा कॅरिअर (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) तोच राहील का विचारा. काही एक्सलमध्ये एका मर्यादेपलीकडे तोही बदलावा लागतो. डेना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर, ३.९२ पासून दुसरा.

आणि माझा जुना हट्ट: ऐकीव रेशोवर सेट मागवू नका. गिअर न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक काढा. पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक चाक नीट अडवा, दुसरं चाक जॅकवर घेऊन स्टँड लावा. प्रॉपेलर शाफ्टवर (धुऱ्याकडे जाणारा लांब दांडा) खडूने खूण करा. उचललेलं चाक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पावणेचार भरल्या तर ३.७३. साधं डिफरन्शियल असेल तरच हे चालतं. माझ्या नावासारखं, म्हणजे लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं), असेल तर दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरी.

नटबोल्ट
हाऊसिंगवर पत्र्याची पट्टी असते, त्यावर लिहिलेलं असतं. एवढा खटाटोप कशाला?

लिमिटेड स्लिप
पट्टी गंजते, पडते, आणि कोणी आधी सेट बदलला असेल तर खोटं बोलते. फेऱ्या खोटं बोलत नाहीत.

धुरळा
मोजलं. दोनदा. भाच्याला शाफ्टकडे बसवलं आणि मी चाक फिरवलं. शाफ्ट तीन फेऱ्या आणि वर थोडं, सव्वातीनच्या अलीकडेच थांबतो. पट्टी पुसून पाहिली, ३.२१. आधीच्या मालकाला काय बोलावं कळत नाही.

मागचा धुरा
मग सगळा हिशेब नव्याने. ३.२१ वर ३५ म्हणजे जुन्या टायरच्या मापात २.९० झाला. टॉप गिअर लागत नाही यात नवल नाही. जुनी चाल हवी तर ३.५५. टायरचं वजन धरून ३.९२, तो जुन्या चालीपेक्षा दहा टक्के जास्त ओढेल.

आठवा गिअर ०.६७ धरला तर खऱ्या १०० ला: आत्ता साधारण १२८०, ३.९२ वर १५७०, ४.५६ वर १८२०. जुन्या टायरवर तुम्ही १४२० वर चालवत होता. मी ३.९२ घेईन. ट्रेलर ओढत असाल तर ४.१०. त्या एक्सलसाठी कोणता सेट मिळतो ते मात्र आधी पाहा.

बुलबार
३.२१ वर ४.५६ म्हणजे जरा जास्त होईल, हे मान्य. माझं म्हणणं ३.७३ साठी होतं.

कोरडा क्लच
तुमचं म्हणणं डोळे झाकून होतं.

वायपर
मोठ्या टायरला ब्रेकही कमी पडतात, ते कोणी बोललंच नाही.

धुरळा
ट्रेलर नाही. ३.९२ ठरवलं, पुढे-मागे दोन्ही. शनिवार रद्द केला, मेकॅनिक थोडा रागावला. बसवताना काय बघू?

लिमिटेड स्लिप
बॅकलॅश, म्हणजे क्राऊन-पिनियनमधली मोकळीक, बहुतेक सेटमध्ये ०.१५ ते ०.२५ मिमी असते. नेमकी सेटसोबतच्या कागदावर बघा आणि डायलने मोजायला लावा, हाताने हलवून "ठीक आहे" नको. दातांना पिवळा रंग लावून फिरवलं की ठसा उमटतो, तो दाताच्या मध्यावर हवा. त्याचा फोटो मागा. बेअरिंग नवीन. कॉम्प्युटरमध्ये टायर आणि रेशो दोन्ही टाकायचे, नाहीतर गिअर चुकीच्या वेळी पडतील. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हलकी चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-चार वेळा. पहिले ८०० किलोमीटर ओझं नाही. मग ऑइल बदला.

धुरळा (तीन आठवड्यांनी)
झालं काम. गाडी परत गाडीसारखी चालते, आठवा गिअर सपाटीवर लागतो, स्पीडोमीटरही खरा झाला. सगळ्यांचे आभार, बुलबार यांचेही. फक्त ७० च्या आसपास पाय काढला की मागून घुंई असा आवाज येतो. पाय दिला की बंद. सवयीने जाईल ना?

लिमिटेड स्लिप
पाय काढल्यावरच येतो म्हणजे पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाचा घट्टपणा) आधी तपासून घ्या. ठशाचा फोटो टाका इथे.

धुरळा
फोटो मागायचा राहिला.