मदत हवी आहे : भाषाशिक्षकांचा डिजिटल साक्षरतेविषयीचा खरा दृष्टिकोन कसा जाणून घ्यावा?

सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात कळव्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. डिजिटल कौशल्ये शिकवणे हे आपलेही काम आहे असे भाषाशिक्षकांना मनापासून वाटते का, हा प्रश्न मी यंदा कृतिसंशोधनासाठी (शिक्षकाने आपल्याच शाळेतल्या प्रश्नाचा केलेला अभ्यास) घेतला आहे.

‘दीक्षा’ हे शासनाचे ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, प्रशिक्षणेही झाली. त्यामुळे अपेक्षित उत्तर सर्वांना ठाऊक आहे. माझ्या प्रश्नावलीतल्या ‘डिजिटल साक्षरता आवश्यक आहे’ या विधानापुढे माझ्या आठही सहकाऱ्यांनी ‘पूर्णतः सहमत’ अशी खूण केली. त्याच आठवड्यात शिक्षककक्षात मात्र ‘ते संगणकाच्या सरांनी बघावे, आपण व्याकरण बघावे’ हे वाक्य मी दोनदा ऐकले.

आमचे एक ज्येष्ठ सर ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक इतका सुंदर समजावतात की मुले तो विसरत नाहीत. पण त्यांनी टंकलेल्या सूचनेत नेमकी हीच चूक राहिली, कारण युनिकोडमध्ये ‘ऱ’ला हलन्त जोडून मग ‘य’ द्यावा लागतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर ते कळफलकाकडे वळले नाहीत. आयुष्यभर शुद्धलेखन जपलेल्या माणसाला विद्यार्थ्यांसमोर अशुद्ध दिसणे किती जड जात असेल, हे मी समजू शकते. याला मी विरोध म्हणणार नाही. दुसरीकडे, नववीतल्या एका मुलीने निबंधात कुसुमाग्रजांच्या नावाने फिरणाऱ्या, त्यांच्या नसलेल्या ओळी दिल्या. बाईंनी त्या लाल शाईने खोडल्या, परंतु त्या कुठून आल्या आणि खात्री कशी करायची यावर वर्गात चर्चा झाली नाही, कारण त्याला परीक्षेत गुण नाहीत. मला तर हे भाषेच्याच तासाचे काम वाटते. प्रश्नावलीत मात्र या दोघांची खूण एकच.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकृतीच्या प्रारूपात उपयुक्तता आणि सुलभता वेगवेगळ्या तपासल्या जातात. भाषाशिक्षकांसाठी ‘हे माझ्या विषयाचे काम आहे का’ हा तिसरा घटक स्वतंत्र ठेवावा का? विधानांऐवजी वरच्यासारखे प्रसंग देऊन ‘आपण काय कराल’ असे विचारले, तर उत्तरे अधिक प्रामाणिक येतील का? आणि मी त्यांच्याच टेबलावर बसणारी असल्याने (नाव न लिहिताही अक्षर ओळखू येते) उत्तरे कोणी गोळा करावीत?

ठाणे किंवा नवी मुंबईतल्या कोणी असे काम केले असल्यास आपल्या विधानांची मराठी शब्दरचना कृपया येथे द्यावी. सुधारित प्रश्नावली मला दिवाळीच्या सुट्टीआधी सहकाऱ्यांना द्यायची आहे.